उचलीची माणसे

घर बदलणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातला एक छोटासा भूकंपच असतो. पंधरा-वीस वर्षे जागची न हललेली कपाटे हलतात, त्यांच्या मागून हरवलेले चमचे, मुलांच्या गोट्या आणि कोणाकोणाच्या लग्नपत्रिका निघतात. आजीचे पितळी डबे न्यायचे की मोडीत घालायचे यावरून घरात दोन तट पडतात. पूर्वी अशा वेळी शेजारचे चार तरुण, ओळखीचा एखादा टेम्पो आणि नाक्यावरचे दोन हमाल एवढ्यावर भागत असे. आता 'पॅकर्स अँड मूव्हर्स'ला फोन करायचा. त्यांचा माणूस येऊन सामानाची यादी करून जातो. आपण तिघाचौघांकडून दर मागवतो, त्यांतला सर्वांत कमी निवडतो, त्यातूनही हजार-दीड हजार कमी करून घेतो आणि ठरल्या दिवशी सकाळी एकसारखे टी-शर्ट घातलेली पाच-सहा मुले दारात हजर होतात. लिफ्टमध्ये न मावणारा फ्रिज चौथ्या मजल्यावरून कोणाच्या तरी पाठीवर खाली उतरतो. कपबशी फुटली तर आपण तक्रार करतो, न फुटली तर चहापाण्याला शंभर-दोनशे रुपये देतो, आणि संध्याकाळी नव्या घरात खिचडी टाकेपर्यंत त्या मुलांचे चेहरेही विसरून जातो.

ही मुले येतात कुठून, रात्री झोपतात कुठे, महिन्याकाठी त्यांच्या हातात नक्की किती पैसे पडतात, हे प्रश्न एरवी कोणाला पडण्याचे कारण नाही. माझ्यापुढे ते आले ते थेट लंडनहून!

झाले असे की, कामगार खात्यातली माझी नोकरी संपून काही वर्षे झाली असली, तरी कायद्याची काही अडचण आली की ओळखीचे लोक अजून घरी येतात. असाच एक तरुण आला. त्याची पुण्यात घरसामान हलवण्याची छोटी कंपनी आहे. स्वतःच्या दोन गाड्या, सहा कायम माणसे, नगर रस्त्यावर भाड्याचे गोदाम. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या की त्यांचे सामान हलवण्याचे काम त्याच्याकडे असते. त्या कंपनीचे मुख्य कार्यालय लंडनमध्ये. तिच्या खरेदी विभागाकडून त्याला बत्तीस प्रश्नांची एक प्रश्नावली आली होती आणि वर ठळक अक्षरांत विषय होता, 'मॉडर्न स्लेव्हरी'. आधुनिक गुलामगिरी!

"मॅडम, हे बघा काय विचारतायत," तो हसत म्हणाला. "आपल्याकडे कुठली आली गुलामगिरी? सगळीकडे 'नाही' लिहून पाठवून देऊ ना?"

पाठवता आले असते. बहुतेक जण तेच करतात. पण त्याच्या वडिलांना मी ओळखत होते. ते मार्केट यार्डात नोंदणीकृत हमाल होते आणि डॉ. बाबा आढावांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीचे जुने सभासद. तेव्हा म्हटले, लिहायचे ते लिहू, पण आधी एकदा तुझे गोदाम पाहू आणि वह्या पाहू.

ब्रिटनमधल्या कंपनीने पुण्यातल्या टेम्पोवाल्याला हे का विचारावे, ते थोडक्यात सांगते. तिथे २०१५ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना, आपल्या व्यवसायात आणि आपल्याला माल वा सेवा पुरवणाऱ्यांकडे वेठबिगारी राहू नये म्हणून आपण काय केले, याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावे लागते. छोट्या कंपन्यांना ही सक्ती नाही. पण मोठी कंपनी आपल्या पुरवठादाराला विचारते, तो त्याच्या पुरवठादाराला विचारतो, आणि अशा रीतीने कागद घरंगळत नगर रस्त्यावरच्या गोदामापर्यंत येऊन पोहोचतो. त्या देशालाही हे शहाणपण फुकट आलेले नाही. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री मोरकॅम्बच्या खाडीत शिंपले गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत बुडून मेले. त्यांना तिथे कामाला लावणारा मजुरांचा ठेकेदारच होता. त्याच वर्षी कायदा झाला आणि पुढे शेती, शिंपले गोळा करणे आणि अन्नप्रक्रिया या धंद्यांत मजूर पुरवणाऱ्याला परवाना बंधनकारक झाला. म्हणजे मुकादम तिकडेही आहेच, त्याला इंग्रजी नाव आहे इतकेच. घरसामान हलवण्याचा धंदा मात्र त्या परवान्याच्या यादीत नाही.

आणि आपल्याकडे? 'गुलामगिरी' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली याच नावाचे पुस्तक लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. आपल्या राज्यघटनेचे २३ वे कलम वेठबिगारीला मनाई करते. १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा तर आणखी पुढे जातो. वेठबिगारीचे कर्ज फेडायची गरजच नाही, ते त्या कायद्याने नाहीसेच झाले आहे, असे तो म्हणतो. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे 'लग्नगडी' असत. त्यांच्या उठावाची हकिगत गोदावरी परुळेकरांनी लिहून ठेवली आहे. पुढे १९८० नंतर विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने त्याच पट्ट्यात वेठबिगार सोडवले. पण त्यामुळे असेही झाले की वेठबिगार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लंगोटीतला आदिवासी, वीटभट्टी किंवा दगडखाण येते. छातीवर कंपनीचे नाव छापलेला टी-शर्ट घालून, मोबाईल खिशात टाकून आपल्या दिवाणखान्यात उभा असलेला मुलगा येत नाही.

कायदा कपडे पाहत नाही. त्याची व्याख्या सोपी आहे. माणसाने किंवा त्याच्या वाडवडिलांनी उचल घेतली आणि तिच्यापायी त्याला विनावेतन किंवा नाममात्र वेतनावर राबावे लागले, अथवा दुसरीकडे काम करण्याची, हवे तिथे जाण्याची मोकळीक गेली, की तो वेठबिगार. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धांसाठी चाललेल्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करावे लागणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच. सक्ती काठीचीच असते असे नाही, पोटाचीही असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीची मजुरी करत होती. त्यांत पायात बेडी असलेली कितीशी असतील?

असो. गोदामावर गेलो. कायम असलेल्या सहा जणांचे कागद चोख होते. पगार बँकेत, सुटीचा हिशेब ठेवलेला. पण एप्रिल ते जून, म्हणजे शाळा बदलण्याच्या आणि बदल्यांच्या दिवसांत सहा माणसांनी काय होणार? तेव्हा आणखी पंधरा-वीस जण लागतात आणि ते पुरवतो मुकादम. कागदोपत्री त्याला 'लेबर सप्लायर' म्हणतात. मालक त्याला माणशी दिवसाला ६५० रुपये देतो. पुढचे मुकादमाने पाहायचे.

ही माणसे जवळच दोन पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. एकूण चौदा जण. मी मालकाला चहा प्यायला पाठवले. मुकादम तर नव्हताच. (चौकशी मालकादेखत करायची नाही, हा आमच्या खात्यातला पहिला धडा.) बहुतेकांनी 'सगळं बरं आहे' एवढेच सांगितले. एक जिंतूरकडचा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा मात्र बोलायला लागला. बहिणीच्या लग्नासाठी त्याने मुकादमाकडून चाळीस हजार उचल घेतली होती.

उचल हा शब्द मराठवाड्यात ऊसतोडीमुळे घराघरांत ठाऊक आहे. आधी पैसे, मग कोयता. तोच शब्द आता शहरात आला आहे, आणि ओझी उचलण्याच्या धंद्यात तो असा दोन्ही अर्थांनी रुजावा ही भाषेची एक क्रूर गंमतच म्हणायची.

त्या मुलाचा हिशेब मुकादमाच्या डायरीत होता. मालक देत होता ६५०, डायरीत हजेरी पडत होती ४५०. त्यातून खोराकी, खोलीचे भाडे, गावी पाठवलेले पैसे आणि एकदा टीव्हीचा पडदा तडकला म्हणून सहा हजार भरपाई. पावसाळ्यात महिन्याला बारा-तेरा दिवसच काम लागते, खोराकी मात्र तीस दिवसांची. दिवाळीला घेतलेले पाच हजार उचलीतच मिळवलेले. दहा महिने राबल्यावर चाळीस हजारांपैकी बाकी होते चौतीस हजार. कपाती जाऊन हातात जे पडत होते ते किमान वेतनाच्या जवळपासही नव्हते.

"माय आजारी हाय, पोळ्याला जायाचं म्हनलं," तो सांगू लागला. "मुकादम म्हनला, आधी हिशेब मिटव, मंग जा."

"तुझं आधार कार्ड कुठाय? बँकेचं कार्ड?"

"मुकादमाकडंच हाय की बाई. समद्यायचेच. आपल्याकडं हरवंल म्हनून ठिवलंय."

"मारतो-बिरतो का?"

"नाही नाही. मानूस चांगला हाय. आमच्याच गावचा. चुलता लागतो माझा."

"मग गेला का नाहीस निघून?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "जाऊन जानार कुठं? घर तर तिथंच हाय."

माझ्या सगळ्या नोकरीत वेठबिगारीची इतकी नेमकी व्याख्या मी ऐकली नव्हती. कुलूप नाही, पहारेकरी नाही, मारहाण नाही. रात्री दहाला तो बसस्टँडवर जाऊन परभणीची गाडी पकडू शकतो. पण गाडी जिथे नेईल तिथे मुकादमाचे घर त्याच्या घराशेजारी, त्याच्या बापाने दिलेला शब्द आणि बहिणीच्या सासरपर्यंत पोहोचणारी बोलणी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीची मजुरी ओळखण्याच्या अकरा खुणा दिल्या आहेत. कर्जाचा पाश, ओळखपत्रे ठेवून घेणे, वेतन अडकवणे, हलण्याफिरण्यावर बंधन या त्यांतल्या चार. त्या पत्र्याच्या खोलीत चारही होत्या, आणि तरीही कोणाला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

मालक चहा पिऊन आला तेव्हा मी डायरीतले आकडे त्याच्यापुढे ठेवले. तो चिडलाच. "मी मुकादमाचे पैसे एक दिवस थकवत नाही, मॅडम! ६५० च्या हिशेबाने सोळा हजार नऊशे देतो महिन्याला माणशी." खरेच देत होता. सव्वीस दिवसांचे तेवढेच होतात. पण दिलेले पैसे कोणाच्या हाती पोहोचतात, हे पाहण्याची सोय त्या व्यवहारात कुठेच नव्हती.

गंमत अशी की, ही सोय त्याच्या वडिलांच्या पिढीने मिळवलेली होती. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला, त्याचे मर्मच हे. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने ती हमालाला द्यायची. भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी त्या लेव्हीतून. मधल्या माणसाच्या हातात पैसाच जाऊ द्यायचा नाही. आज सोसायटीच्या फाटकात 'माथाडी' म्हणून टेम्पो अडवून हजारो रुपये मागणारे टोळभैरव भेटतात, त्यामुळे तो शब्द ऐकला की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि ते समजण्यासारखे आहे. पण त्या दंडेलीपायी मूळ कायद्याचे शहाणपण विसरणे परवडणारे नाही. बापाची मजुरी मंडळातून येत होती, आणि मुलाच्या गोदामात ती मुकादमाच्या डायरीतून जात होती.

मुकादमालाही बोलावले. तो काही सिनेमातला खलनायक नव्हता. पन्नाशीचा, गुडघे गेलेला, स्वतःही दहा-बारा वर्षे ओझी वाहिलेला माणूस. कायद्याने हे कर्ज वसूल करता येत नाही, उलट तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे सांगितल्यावर तो घाबरला. मग हळूच म्हणाला, "बाई, मी बी शेकडा तीननं काढून आनलेत पैसे. मी कुठून भरू?" महिन्याला शेकडा तीन!

माझ्या मते खरी ग्यानबाची मेख इथे आहे. सॉफ्टवेअर कंपनी मालकाचे बिल देते पंचाहत्तर ते नव्वद दिवसांनी. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता मात्र त्याच दिवशी रोख लागतो. बँक छोट्या धंद्याला सहजासहजी दारात उभी करत नाही. मालक मुकादमाचे पैसे महिनाअखेरीला देतो, पण वीस माणसे हंगामाच्या आधी गावाहून आणायची, त्यांना उचल द्यायची, हे भांडवल मुकादम घालतो, सावकाराकडून काढून. त्याचे पैसे माणसांत अडकलेले, म्हणून तो माणसे सोडत नाही. लंडनच्या कंपनीने अडीच महिने वापरलेल्या उधारीचे व्याज शेवटी जिंतूरचा मुलगा पोळ्याला घरी न जाऊन भरतो.

२००६ च्या सूक्ष्म व लघुउद्योगांच्या कायद्यानुसार असे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते, नंतर चक्रवाढ व्याज लागते. पण ज्याच्याकडून पुढचे काम हवे त्याच्याविरुद्ध तक्रार करतो कोण? बत्तीस प्रश्नांमध्ये 'आम्ही तुमचे पैसे किती दिवसांनी देतो?' हा प्रश्न नव्हता. मी दोनदा शोधला.

पुढचे त्या मुलाविषयी. आधार आणि बँकेची कार्डे त्याच दिवशी सगळ्यांना परत मिळाली. त्याला मी रीतसर सांगितले की, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, चौकशी होऊन मुक्तता प्रमाणपत्र मिळते, लगेच तीस हजारांपर्यंत मदत आणि पुढे पुनर्वसनासाठी एक लाख रुपयांची योजना आहे. कर्ज झाले नव्हते असे सिद्ध करण्याचे ओझे तुझ्यावर नाही, ते कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे सावकाराने सिद्ध करायचे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मान हलवली. चुलत्यावर सही करायची नाही म्हणाला. त्याला फक्त घरी जायचे होते. मालकाने चालू महिन्याचा हिशेब ६५० च्या दराने त्याच्या खात्यात भरला, प्रवासाचे पैसे वेगळे दिले, आणि तो रात्रीच्या गाडीने गेला. माझ्यापुरते मी दक्षता समितीला लेखी कळवले की, त्या भागात मुकादमाकडून माणसे घेणाऱ्या गोदामांची पाहणी व्हावी. मुलाचे नाव त्यात घातले नाही. हे बरोबर की चूक, यावर माझे दोन जुने सहकारी अजून माझ्याशी वाद घालतात.

मग आम्ही दोघे वही घेऊन बसलो. हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे? मोठ्या कंपन्या यासाठी सल्लागार नेमतात, चकचकीत धोरणपत्रिका छापतात. इथे मालक, त्याची हिशेब लिहिणारी बायको आणि मी. पहिली गोष्ट, मजुरी ज्याची त्याच्या खात्यात. मुकादमाला माणसे आणण्याची दलाली वेगळी, ठरलेली, मालकाच्या खिशातून. मजुराच्या हजेरीतून पै नाही. खोली मालकाच्या नावावर. भरपाई मजुरीतून कापायची नाही, सामानाचा विमा आहे तो कशासाठी?

उचलीवर मात्र बराच खल झाला. मालक म्हणाला, उचल बंदच करून टाकू. ऐकायला ते छान वाटते. पण आई दवाखान्यात असलेल्या माणसाला पैसे लागतातच, आणि आपण दिले नाहीत तर तो शेकडा पाचने घेईल. म्हणजे उचल हवी, तिचा फास नको. शेवटी ठरले ते असे. उचल कंपनी देईल, बिनव्याजी, दीड महिन्याच्या मजुरीपर्यंत, दोघांच्या सहीने आणि एक प्रत मजुराकडे. दरमहा कपात पगाराच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नाही. (कायदा एकूण कपात निम्म्यापर्यंत चालवून घेतो, पण निम्म्यात कोणाचे घर चालते?) आणि उचल बाकी आहे म्हणून कोणाला जाण्यापासून अडवायचे नाही.

"बुडतील की मॅडम पैसे."

"बुडतील थोडे. काचसामान फुटेल असं धरून दर लावतोस ना? तसंच हेही धर."

मालकाच्या बायकोने ते लगेच वहीत मांडले. तिचा हिशेब नवऱ्यापेक्षा पक्का आहे. तिनेच काढले की या सगळ्यामुळे पंधरा हजारांचे काम सोळा हजार दोनशेला पडेल. आणि पडले. त्या मे महिन्यात चार-पाच गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. आपल्यासारखीच सुशिक्षित, सुस्वभावी माणसे. बाराशे रुपयांसाठी गेली, आणि त्यांना दोष देणे मला जड जाते, कारण दरपत्रकावर हा फरक कशाचा ते कुठे लिहिलेले असते?

प्रश्नावलीत एकोणिसावा प्रश्न होता, 'आपल्याकडे असा एखादा प्रकार आढळला आहे काय?' मालकाने 'होय' लिहिले आणि खाली काय केले ते आठ ओळींत. दुसऱ्या दिवशी खरेदी विभागातून घाबऱ्या आवाजात फोन. 'नाही' लिहिले असते तर बरे झाले असते असे त्यांनी शब्दांत म्हटले नाही, पण दीड महिना नवे काम दिले नाही. नंतर सुरू केले, हेही सांगायला हवे. पण खरे लिहिणाऱ्याचे काम थांबते आणि 'नाही'च्या बत्तीस खुणा करणारा पास होतो, अशी परीक्षा असेल तर पुढच्या वर्षी सगळेच पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणार. त्यापेक्षा एखादा प्रकार सापडल्याचे कळवणाऱ्या पुरवठादाराला बिल महिन्याच्या आत द्यावे, म्हणजे निदान सुधारणेचा खर्च तरी निघेल.

कायद्यांचीही आता नवी मांडणी झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि कंत्राटी मजुरांचा १९७० चा व स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा त्यांत सामावला गेला. काम सोडणाऱ्याचा सगळा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा, हे नव्या वेतन संहितेतले कलम आम्ही मोठ्या अक्षरांत गोदामात लावले आहे, मराठीत आणि हिंदीत. १९७६ चा वेठबिगारीचा कायदा या संहितांबाहेर, स्वतंत्रपणे उभा आहे.

वाचकांपैकी कोणाचे घर हलायचे असेल तर दर विचारताना आणखी दोन गोष्टी विचारून पाहाव्यात. येणारी माणसे तुमची की मुकादमाची, आणि त्यांची मजुरी कोणाच्या खात्यात जाते? चांगल्या मालकाला या प्रश्नाचा राग येत नाही. चहापाण्याचे पैसे म्होरक्याच्या हातात एकगठ्ठा देण्याऐवजी ज्याच्या त्याच्या हातात द्यावेत. आणि गाडीवरचा क्लीनर जरा पाहावा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला बंदी आहे, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोक्याच्या कामावर. शंका आली तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत.

क्लीनरचा विषय निघाला तो आमच्याही वहीत आहे. दूरगावचे सामान असले की स्वतःची गाडी परवडत नाही. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतून दलालामार्फत परतीचा ट्रक घेतला जातो. तो कोणाचा, ड्रायव्हर किती तास जागा आहे, क्लीनर कोणाचा कोण, हे बिल्टीवर नसते. आता मालक ट्रक भरण्याआधी दोघांची ओळखपत्रे पाहतो. दलाल कुरकुरतात. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा प्रश्न सोपा निघाला. कारखाना चाकणचा, यंत्रावर चालणारा, कामगारांची हजेरी दाखवायला त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

राहिल्या लाकडी पेट्या. परदेशी जाणाऱ्या सामानाला त्या लागतात, आणि त्यांच्या लाकडाबद्दल जग फार काटेकोर आहे. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग तीस मिनिटे तापवलेले हवे, म्हणजे आत कीड राहत नाही. तसा शिक्का पेटीवर नसेल तर परदेशातल्या बंदरात ती अडते. शिक्का मी पाहिला. गव्हाच्या कणसाची आकृती, देशाचे चिन्ह, तापवणाऱ्याचा क्रमांक, सगळे जागच्या जागी. पेटी ठोकणाऱ्यांबद्दल विचारले तेव्हा शेडच्या मालकाने फोनवर एवढेच सांगितले, "सगळी आपलीच पोरं आहेत, ताई. इथंच राहतात, इथंच जेवतात." किती जण आहेत, ते त्याला चटकन सांगता आले नाही. येत्या मंगळवारी आम्ही तिथे जाणार आहोत.